हरिहरेश्वर प्रदक्षिणामार्ग

महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील (ता. श्रीवर्धन) समुद्रकड्याखालून जाणारी सोपी, पण ओहोटीतच करता येणारी पायवाट. सावित्री नदी जेथे अरबी समुद्राला मिळते (पहा : बाणकोट खाडी), त्या मुखाच्या उत्तरेस हे क्षेत्र असून ‘दक्षिण काशी’ म्हणून ते प्रसिद्ध आहे.

कडा दख्खनच्या बेसाल्टचा आहे (पहा : दख्खन ट्रॅप). लाटांच्या माऱ्याने त्याचा पायथा झिजून तरंगघर्षित मंच तयार झाला. वाटेचा खालचा भाग या मंचावरूनच जातो. कड्यावरील मधपोळ्यासारखी जाळी खाऱ्या तुषारांमुळे बनते : पाणी वाळते, मिठाचे स्फटिक खडकाच्या छिद्रांत वाढतात आणि कण सुटे होतात.

देवळामागील पायऱ्यांनी टेकडी चढून, दोन कातळांमधील अरुंद घळीतून वाट थेट समुद्राकडे उतरते. चढ थोडाच, खरी अडचण शेवाळलेल्या खडकाची व वेळेची. किनाऱ्यावरच्या जुन्या हिशोबाप्रमाणे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते : अष्टमीला सुमारे सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात मंच बुडतो (पहा : भरती-ओहोटी). पावसाळ्यात तर ओहोटीच्या वेळीही लाटा अंगावर येतात, त्यामुळे मार्ग टाळावा.

शैव क्षेत्राची परिक्रमा आणि सागरी झिजेचे नमुने एकाच वाटेवर आढळत असल्याने भाविकांइतकेच भूगोलाच्या अभ्यासकांनाही हे स्थळ उपयुक्त आहे. खाडीपलीकडे बाणकोटचा किल्ला व वेळास (पहा : सागरी कासव).