एका खोट्या नदीची खरी हकिकत

नदी बुजवली म्हणून माणसे हळहळतात, हे आपल्याला नवीन नाही. पण जी मुळात नदी नव्हतीच. जिला उगम नव्हता, संगम नव्हता. जी एका बेटाला वळसा घालून पुन्हा निघाल्या जागी येत होती आणि जिच्यावरची आगबोट पाण्याखाली दडवलेल्या रुळावरून चालत होती, अशी नदी बुजवायची ठरली म्हणून हजारो शहाणीसुरती माणसे कष्टी व्हावीत, ही गोष्ट जराशी विलक्षण खरी. फ्लॉरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील 'मॅजिक किंगडम' या उद्यानात २०२५ सालच्या जुलैत ही गोष्ट घडली. नदीचे नाव 'रिव्हर्स ऑफ अमेरिका'. तिच्या जागी बोलक्या मोटारींचा डोंगराळ प्रदेश उभा राहायचा आहे.

ही हळहळणारी मंडळी कोण, ते आधी सांगायला हवे. डिस्नेच्या उद्यानांचे भक्त हा एक स्वतंत्र संप्रदायच आहे. त्यांत पोरेसोरे थोडी, पिकल्या केसांचीच पुष्कळ. आपल्याकडे संगीत नाटकांचे जुने रसिक कोणत्या प्रयोगात कोण कोणत्या भूमिकेत उभे होते ते तारीखवार सांगत. तसे हे लोक कोणता पाळणा कोणत्या साली सुरू झाला आणि कोणत्या साली मोडला, ते बोटांवर मोजून दाखवतात. उद्यानाचा विस्तार होणार असे कानी आले की त्यांना झोप येत नाही. अर्धी झोप आनंदाने उडते, अर्धी काळजीने.

ही आशा आणि ही काळजी फार जुनी आहे. कोपनहेगन शहरात १५ ऑगस्ट १८४३ रोजी गेऑर्ग कार्स्टेन्सेन नावाच्या खटपट्या गृहस्थाने टिव्होली नावाची बाग उघडली. जागा मिळाली ती शहराच्या जुन्या तटबंदीबाहेरची. लोक करमणुकीत दंग असले म्हणजे राजकारणाचा विचार करीत नाहीत, असे राजाला पटवून त्याने परवानगी मिळवली, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, राजे लोकांना पटण्यासारखी आहे खास. या कार्स्टेन्सेनने बाग उघडल्यावर सांगून टाकले होते की टिव्होली कधीच पुरी व्हायची नाही. पुढे ती शहराच्या ऐन मध्यावर आली, चारी बाजूंनी इमारतींनी वेढली गेली. तिला बाहेर पसरायला वाव उरला नाही, म्हणून जे काही करायचे ते तिने आतल्या आतच केले. पण तटाच्या खंदकाचे जे पाणी तिच्या वाट्याला आले होते, त्याचे तळे तिने राखले. आजही टिव्होलीतले दिवे त्या तळ्यात उतरतात.

वॉल्ट डिस्ने १९५१ साली ही बाग पाहून आला. पुढे कॅलिफोर्नियात अनाहाइम गावी संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन घेऊन, साधारण वर्षभरात आणि सुमारे १ कोटी ७० लक्ष डॉलर खर्चून, त्याने डिस्नेलँड उभे केले. १७ जुलै १९५५ या उद्घाटनाच्या दिवसाच्या फजितीच्या कथा अमेरिकेत चवीने सांगतात. नुकतेच घातलेले डांबर उन्हाने मऊ होऊन बायकांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतत होत्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ चालवावेत की शौचकूप, एवढाच प्रश्न शिल्लक राहिला होता; वॉल्टने व्यवहारज्ञानाने शौचकूप निवडले. आपल्या नदीची गंमत तर त्याही आधीची. उद्यानाच्या मध्यात खणलेल्या पात्रात पाणी सोडले आणि ते रेताड जमिनीत मुरून गेले. मग चिकणमातीचा थर देऊन पात्र पुन्हा भरावे लागले, तेव्हा कुठे 'मार्क ट्वेन' ही आगबोट तरंगली. मिसुरी राज्यातल्या मार्सेलीन या लहानशा गावी वॉल्टचे बालपणीचे काही दिवस गेले होते. मिसिसिपीवरच्या आगबोटींचा काळ त्याच्या जन्माआधीच सरत आला होता. आपण न पाहिलेल्या काळाची ओढ त्याने पाण्यात उतरवली. तेव्हा आजचे भक्त ज्या आठवणीसाठी झुरतात, ती मुळात दुसऱ्याच्या आठवणीची आठवण आहे. पण आठवणींचा व्यवहार बहुधा असाच चालतो.

जगात कल्पनाशक्ती आहे तोवर आपले उद्यान पुरे होणार नाही, अशा अर्थाचे वॉल्टचे उद्गार प्रसिद्ध आहेत. कार्स्टेन्सेनचेच म्हणणे, शंभरेक वर्षांनी. या उद्गारांची मौज अशी की विस्ताराची बाजू घेणारेही तेच पुढे करतात आणि विरोध करणारेही. एक म्हणतो, 'पाहा, वॉल्टला बदल हवाच होता.' दुसरा म्हणतो, 'हवा होता. पण भर घालायला, पाडायला नव्हे.' शास्त्रवचनांचे जे होते तेच इथेही होते.

अनाहाइमला वॉल्टला एक रुखरुख लागून राहिली. उद्यानाच्या कुंपणाबाहेर लगोलग मोटेले आणि दुकाने उगवली आणि त्याच्या हातची जागा संपली. म्हणून फ्लॉरिडात जमीन घेताना त्याने सावधगिरी बाळगली. भलत्याच नावांच्या कंपन्या काढून गुपचूप खरेदी झाली. सरासरी एकरी २०० डॉलरांच्या आत २७,००० एकरांहून अधिक दलदल आणि रान ताब्यात आले. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबई शहरापेक्षा ही जमीन मोठी! १५ नोव्हेंबर १९६५ रोजी बेत जाहीर झाला आणि १५ डिसेंबर १९६६ रोजी वॉल्ट वारला. थोरला भाऊ रॉय निवृत्तीच्या वाटेवर होता. त्याने निवृत्ती लांबणीवर टाकली, धाकट्या भावाचे संपूर्ण नाव उद्यानाला लावण्याचा हट्ट धरला, १ ऑक्टोबर १९७१ रोजी दरवाजे उघडले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तोही गेला. या भावाविषयी फारसे कोणी लिहीत नाही. लिहायला हवे.

'जागा कधी कमी पडू नये' म्हणून घेतलेल्या या जमिनीवर १९७१ पासून आपली नदी वाहत होती. १९७३ साली तिच्या मधल्या बेटावर टॉम सॉयरच्या नावाने गुहा, तरंगता पूल आणि लाकडी किल्ला झाला. तिथे जायला तराफाच हवा. काठावर भुताचा वाडा. पुढे १९८० साली लाल डोंगर आणि त्यावरून धावणारी खाणीतली आगगाडी आली. माझी भाची त्या बाजूला नोकरीनिमित्त राहते, तिच्या मुलांबरोबर मी त्या आगबोटीत बसलो आहे. 'लिबर्टी बेल' तिचे नाव. बॉयलर खरा, वाफ खरी, मागचे चाक त्या वाफेवर फिरणारे. फक्त सुकाणू खोटे. फेरी पुरती वीस मिनिटांचीसुद्धा नव्हती. त्या वेळात काहीही घडत नाही. कोणी किंचाळत नाही, कोणी अंगावर येत नाही. झाडे सरकतात, वारा लागतो, लहानगे पेंगतात, आणि दिवसभर रांगांत उभे राहून वैतागलेले नवरा-बायको पुन्हा एकमेकांशी नीट बोलू लागतात. त्या प्रचंड गलबल्यात एवढी एकच जागा मला अशी दिसली, की जिथे माणसाला काही करावे लागत नव्हते.

अशा जागा जाण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. याच उद्यानात समुद्राखालच्या सफरीच्या पाणबुड्या होत्या. त्या सप्टेंबर १९९४ मध्ये थांबल्या. तळे दहा वर्षे नुसतेच पडून होते. २००४ साली ते भरून टाकले आणि २०१२ साली त्या बाजूला परीकथांचा नवा प्रदेश उघडला. मिस्टर टोड या बेडूकरावांची वेडी मोटारसफर बंद होणार अशी बातमी १९९७ साली फुटली, तेव्हा हिरवे सदरे घालून भक्तांनी उद्यानातच निषेध मांडला. निषेध सौजन्याचा होता, म्हणून त्याकडे सौजन्याने दुर्लक्ष करण्यात आले. सप्टेंबर १९९८ मध्ये बेडूकराव गेले आणि पुढच्या वर्षी त्या जागी विनी द पू हे अस्वल आले.

पण भक्तांची भीती दर वेळी खरी ठरते असेही नाही. शेजारच्या 'अ‍ॅनिमल किंगडम'मध्ये 'अवतार' चित्रपटावर एक प्रदेश करणार असे २०११ साली जाहीर झाले, तेव्हा नाके मुरडणाऱ्यांचीच संख्या मोठी होती; चित्रपट पाहून आलेल्यांना पात्रांची नावेसुद्धा आठवत नाहीत, असे ते म्हणत. २०१७ च्या मेमध्ये तो 'पँडोरा' उघडला आणि तरंगते डोंगर पाहून तीच मंडळी गप्प झाली. उलट, त्याच उद्यानात पुराणकथांतल्या प्राण्यांचा एक प्रदेश १९९८ च्या आरंभापासून व्हायचा होता. त्यातला ड्रॅगन उद्यानाच्या चिन्हावरही आला. प्रदेश मात्र कधीच झाला नाही. २०१९ साली 'एप्कॉट' उद्यानासाठी मेरी पॉपिन्सचे आकर्षण जाहीर झाले, तेही कागदावरच राहिले. तेव्हा भक्ताला दोन्हीकडून धास्ती असते: नको ते होईल म्हणून, आणि हवे ते होणारच नाही म्हणून.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने सांगितले की उद्याने आणि पर्यटन-जहाजे यांवर दहा वर्षांत ६,००० कोटी डॉलर खर्च करू. ऑगस्ट २०२४ मध्ये अनाहाइमला 'डी-२३' हा भक्तांचा मेळावा भरला. डी म्हणजे डिस्ने, २३ म्हणजे कंपनीच्या जन्मसालातले १९२३. तिथे बेत जाहीर झाले: मॅजिक किंगडममध्ये चित्रपटांतल्या खलनायकांचा एक प्रदेश आणि 'कार्स' चित्रपटातल्या मोटारींचा दुसरा. खलनायकांच्या नावाने सभागृह दणाणले. ही मागणी वर्षानुवर्षांची होती. आणि काही दिवसांतच स्पष्ट झाले की मोटारींसाठी नदी, बेट आणि आगबोट तिन्ही जाणार.

मग वाद पेटला. एक पक्ष म्हणाला, बेटावर जाते कोण? आगबोट अर्धी रिकामी असते. आजच्या मुलांना टॉम सॉयर ठाऊक नाही, पण ती लाल मोटार ठाऊक आहे. कॅलिफोर्नियात २०१२ साली उघडलेला मोटारींचा प्रदेश सर्वांनाच आवडतो, हेही खरे. शिवाय ओर्लँडोतच युनिव्हर्सल कंपनीचे 'एपिक युनिव्हर्स' २२ मे २०२५ ला उघडणार होते. प्रतिस्पर्धी दारात असताना स्वस्थ बसायचे कसे? दुसरा पक्ष म्हणाला, २७,००० एकर घेतले ते कशासाठी? नदीपलीकडे रान मोकळे आहे, तिकडे डोंगर करा. जुन्या सरहद्दीवरच्या लाकडी गावात बोलक्या मोटारी शोभतात तरी का? आणि पाणी गेल्यावर भुताच्या वाड्यासमोर उरले काय?

मला दोन्ही बाजू समजतात; तरी माझा कौल दुसऱ्या पक्षाला आहे, आणि तो केवळ जुन्याच्या मायेने नव्हे. कंपनीच्या चोपडीत आकर्षणाला तासाला किती माणसे बसली याची नोंद होते. नुसते पाण्याकडे पाहत बाकावर बसलेल्यांची कुठे होते? आगबोट अर्धी रिकामी होती खरी, पण काठ कधीच रिकामा नसे. संध्याकाळी समोरच्या डोंगराची तांबूस छाया त्या पाण्यात पडे, ती पाहायला रांग लागत नव्हती, म्हणून तिचा हिशेबही लागला नाही. आपली मुले दिवाळीत अंगणात किल्ला करतात. दर वर्षी जुना मोडून नवा करतात, बुरूज वाढवतात, मावळे वाढवतात, त्याला कोणी हरकत घेत नाही. पण परातीचे तळे करायचे, तर त्याची जागा आधी राखून ठेवावी लागते. सगळी माती रचून झाल्यावर तळ्याला जागा सापडत नाही. हे दहा वर्षांच्या पोरांना कळते.

मात्र या नाराजीत मी आशेला नाकारत नाही. नव्या प्रदेशाच्या चित्रांत उंच सुळके आहेत, झाडी आहे, उसळती गरम पाण्याची कारंजी आहेत. हे कारागीर हलके नव्हेत. पँडोरा त्यांनीच केला. कदाचित आणखी वीस वर्षांनी तो डोंगर पाडायला कोणी निघेल, आणि आज मोटारीत बसून टाळ्या पिटणारी मुले हिरवे सदरे घालून तिथे उभी राहतील.

नदीचा शेवटचा दिवस ६ जुलै २०२५ हा ठरला होता. जी आगबोट अर्धी रिकामी म्हणून मोडीत निघाली, तिच्यावर चढायला शेवटच्या दिवसांत माणसे लांबून आली. भाचीची थोरली मुलगीही जाऊन आली. तिने मला शिट्टीचा आवाज टिपून पाठवला. मागे कुणाचे तरी मूल रडते आहे, तेही त्यात आले आहे.

अनाहाइमची मूळ नदी, ती चिकणमातीवर तोललेली, अजून आहे. तारकायुद्धांच्या प्रदेशाला जागा करून देण्यासाठी तिचेही पात्र वळवून आखूड केले, तेव्हा आगबोट आणि आगगाडी जानेवारी २०१६ पासून दीड वर्ष थांबल्या होत्या. पण २०१७ च्या उन्हाळ्यात 'मार्क ट्वेन' पुन्हा निघाली. तिथल्याही विस्ताराच्या मोठ्या बेताला अनाहाइमच्या नगरसभेने मे २०२४ मध्ये संमती दिली आहे. कंपनीने त्यात निदान १९० कोटी डॉलर घालण्याचे कबूल केले आहे. तिथले भक्त आता नकाशे पसरून बसतात आणि निळा रंग कुठे कुठे दिसतो ते आधी पाहतात.