विमानाचे तिकीट काढले आणि दर उतरले. फरक परत मिळतो का?

हिंगोली (प्रतिनिधी) : हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. तरीही विमानप्रवास आता येथील घरांना परका राहिलेला नाही. पुणे-बंगळुरात नोकरीस असलेली मुले, उपचारासाठी हैदराबाद किंवा मुंबई गाठणारे रुग्ण, उमरा यात्रेस अथवा काशी-प्रयागला निघालेली मंडळी यांना कधी ना कधी विमानाचे तिकीट काढावेच लागते. महिनाभर आधी पैसे भरले जातात, घरात सर्वांना सांगून होते आणि चार दिवसांनी कोणीतरी मोबाईलवर दाखवते, की तेच विमान दीड-दोन हजारांनी स्वस्त झाले आहे. कुटुंबातील चौघांची तिकिटे असतील तर ही रक्कम लहान नसते. अशा वेळी फरक मागता येतो का, तिकीट रद्द करून नवे काढावे का आणि नियम काय सांगतो, याची ही माहिती.

भाव गोठतो, तो दोन्ही बाजूंनी

दर उतरले म्हणून फरक परत देण्याचे बंधन भारतातील विमान कंपन्यांवर नाही. विमान वाहतुकीवरील सरकारी मक्तेदारीचा १९५३ चा कायदा १९९४ मध्ये रद्द झाला आणि खासगी कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला. तेव्हापासून भाडे ठरविण्याचा अधिकार कंपन्यांकडे आहे. भाडे ठरविताना सेवेचा खर्च, सेवेचे स्वरूप, वाजवी नफा आणि प्रचलित दर यांचा विचार व्हावा, एवढी अपेक्षा विमान नियमावलीतील १३५ व्या नियमात व्यक्त झाली आहे.

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळद विकणाऱ्या शेतकऱ्याला हा व्यवहार नवा नाही. सोमवारी सौदा झाला आणि गुरुवारी भाव चढला, तरी व्यापारी फरक आणून देत नाही. भाव पडला तर शेतकऱ्याकडे मागतही नाही. विमानाच्या तिकिटाचेही तसेच आहे. तिकीट निघाल्यानंतर दर दुप्पट झाले तरी कंपनी जादा पैसे मागू शकत नाही. आपण बहुधा केवळ उतरलेला दर पाहतो. चढलेला दर पाहण्याचे कारण उरत नाही, म्हणून तो आपल्या ध्यानातही येत नाही.

दर का उतरतात?

एसटीच्या एका गाडीत शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांचे भाडे साधारणतः सारखे असते. विमानात तसे नसते. एकाच वर्गातील जागा वेगवेगळ्या दरांच्या टप्प्यांत विभागलेल्या असतात. स्वस्त टप्प्यातील जागा संपल्या की पुढचा महाग टप्पा उघडतो. मात्र अपेक्षेइतकी विक्री झाली नाही, प्रतिस्पर्धी कंपनीने दर पाडले किंवा त्याच मार्गावर नवे विमान सुरू झाले, तर बंद केलेला स्वस्त टप्पा पुन्हा उघडला जातो. विमान रिकामे उडाले तर त्या जागेचे मोल शून्य होते, हे या पद्धतीचे मूळ आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये भाडेनियंत्रण उठल्यानंतर ही पद्धत विकसित झाली. भारतात २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त विमानसेवा सुरू केल्यानंतर सामान्य प्रवाशाला तिचा परिचय झाला.

कुटुंबासाठी तिकीट काढताना यातील एक बाब उपयोगी पडते. स्वस्त टप्प्यात दोनच जागा शिल्लक असतील आणि आपण एकदम चार जागा मागितल्या, तर बहुधा चारही जागांना पुढच्या टप्प्याचा दर लागतो. म्हणून आधी एका जागेचा दर पाहावा. तो कमी दिसल्यास दोन-दोन जागा वेगळ्या काढण्याचा विचार करावा.

सरकारने हस्तक्षेप केला तेव्हा

दर कंपन्यांनी ठरवावेत हा नियम असला तरी अपवादात्मक काळात सरकारने त्यात हात घातला आहे. कोरोनाकाळात २५ मे २०२० पासून ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत देशांतर्गत भाड्यांवर मर्यादा होत्या. जानेवारी २०२५ मध्ये महाकुंभामुळे प्रयागराजचे भाडे गगनाला भिडले. केंद्राने कंपन्यांना समज दिल्यानंतर ते खाली आले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली आणि इतर विमानांचे दर भडकले. तेव्हा ६ डिसेंबर रोजी सरकारने तात्पुरती कमाल मर्यादा लागू केली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, एक हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपये अशी ती होती. कर व विमानतळाचे शुल्क त्यात धरलेले नव्हते. मर्यादेच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी काढलेल्या तिकिटांत किती अंतर पडू शकते, याची कल्पना यावरून यावी.

पहिले २४ तास महत्त्वाचे

प्रवाशाच्या हाती खरा अधिकार असतो तो तिकीट काढल्यानंतरच्या थोड्या अवधीत. नागरी उड्डाण महासंचालनालयाच्या नियमांत आणि २०१९ च्या प्रवासी सनदेत २४ तासांची सवलत दिलेली होती. या मुदतीत तिकीट रद्द केल्यास किंवा बदलल्यास शुल्क लागत नाही. बदल केल्यास नव्या विमानाचे त्या वेळचे भाडे मात्र द्यावे लागते. उड्डाण सात दिवसांच्या आत असेल तर ही सवलत मिळत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये महासंचालनालयाने ही मुदत ४८ तासांची करण्याचा मसुदा प्रसिद्ध केला होता. त्यामुळे तिकीट काढताना कंपनीच्या अटींत नमूद केलेली मुदत वाचून घ्यावी.

याचा अर्थ असा, की तिकीट काढल्यावर विषय संपला असे न समजता त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दर पुन्हा पाहावा. उतरला असल्यास नवे तिकीट हाती आल्यानंतरच जुने रद्द करावे. आधी जुने रद्द केले आणि तेवढ्यात स्वस्त जागा संपली, तर दोन्हीकडून नुकसान होते. मात्र त्याच नावाची दोन तिकिटे एकाच विमानावर काही कंपन्यांच्या यंत्रणेत टिकत नाहीत. म्हणून या दोन कामांत वेळ दवडू नये.

मुदत टळल्यास हिशेब करावा

समजा, हैदराबाद-दिल्ली प्रवासाचे तिकीट माणशी ७,२०० रुपये आणि परत न मिळणारे सुविधा शुल्क २५० रुपये देऊन काढले. आठ दिवसांनी तेच तिकीट ५,४०० रुपयांना दिसू लागले. फरक १,८०० रुपयांचा. रद्द करण्याचे शुल्क ३,५०० रुपये असेल, तर त्यात नव्या तिकिटाचे २५० मिळवून खर्च ३,७५० होतो. म्हणजे स्वस्त तिकिटाच्या मोहात माणशी १,९५० रुपयांचा आणि चौघांत ७,८०० रुपयांचा तोटा. हाच फरक पहिल्या २४ तासांत दिसला असता, तर रद्द शुल्क न लागता माणशी १,५५० रुपये वाचले असते. आकडे काल्पनिक असले तरी रीत हीच आहे : फरकातून रद्द शुल्क आणि नवे सुविधा शुल्क वजा करावे, उत्तर शून्याच्या वर आले तरच हालचाल करावी.

रद्द केल्यावर काय परत मिळते?

मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक रद्द शुल्क कंपनीला आकारता येत नाही. ‘परतावा नाही’ असे लिहिलेल्या सवलतीच्या तिकिटावरही शासकीय कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळाले पाहिजे. प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नाही तरीही. अनेक जण ही रक्कम मागतच नाहीत. परताव्याऐवजी रक्कम कंपनीकडे जमा ठेवायची की नाही, हे प्रवाशाने ठरवायचे असते. कंपनी तसा आग्रह धरू शकत नाही.

आपल्याकडे बरीच तिकिटे एजंटामार्फत निघतात. एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी मानला जात असल्याने परताव्याची जबाबदारी कंपनीवरच असते. तरी तिकिटावर आपलाच मोबाईल क्रमांक नोंदवून घ्यावा, भाडे आणि एजंटाचे शुल्क वेगळे दाखविणारी पावती घ्यावी आणि रद्द करण्याच्या अटी पैसे देण्यापूर्वी विचाराव्यात. समूहासाठी काढलेल्या तिकिटांच्या अटी वेगळ्या असतात. यात्रा कंपनीमार्फत जाणाऱ्यांनी हे विशेष पाहावे.

नांदेडचा अनुभव

आपल्याला जवळचे विमानतळ नांदेडचे. ‘उडान’ योजनेतील देशातील पहिल्या मार्गांत नांदेड-हैदराबादचा समावेश होता आणि २७ एप्रिल २०१७ रोजी ही सेवा सुरू झाली. सुमारे तासाभराच्या प्रवासास २,५०० रुपयांची मर्यादा होती. परंतु ती साधारण निम्म्या जागांनाच लागू होती आणि उरलेल्या जागांचे दर बाजाराप्रमाणे होते. त्यामुळे स्वस्त सेवेतही आधी येणाऱ्याला एक दर आणि मागाहून येणाऱ्याला दुसरा दर लागत असे. ट्रूजेटची ही सेवा पुढे बंद पडली. २०२४ मध्ये स्टार एअरने नांदेडहून उड्डाणे सुरू केली.

लहान विमानतळावर विमाने मोजकी असतात. म्हणून हैदराबाद किंवा छत्रपती संभाजीनगरहून दर उतरलेला दिसला, की तिकडून जाण्याचा मोह होतो. अशा वेळी कळमनुरी, वसमत किंवा सेनगावहून तेथवर जाण्याचे गाडीभाडे, पहाटेचे विमान असल्यास मुक्कामाचा खर्च आणि सामानाचे वेगळे शुल्क हिशेबात धरावे. रुग्ण किंवा वृद्ध सोबत असतील तर केवळ पैशांचा हिशेब पुरत नाही.

तक्रार कोठे करावी?

परतावा अडकल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. त्यानंतर नागरी उड्डाण मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ व्यवस्थेकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर दाद मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही जाता येते. त्यासाठी मुंबई-दिल्लीला खेटे घालण्याची गरज नाही. मात्र केवळ नंतर दर उतरले, हे तक्रारीचे कारण होऊ शकत नाही. नियमाने देय असलेली रक्कम मिळाली नाही, हेच कारण टिकते.

तेव्हा तिकीट काढल्यावर पहिला दिवस डोळे उघडे ठेवावेत आणि मुदत संपली की दर पाहणे सोडून द्यावे. ज्या दराने परवडते म्हणून आपण तिकीट काढले, तो दर दुसऱ्या कोणाला कमी लागला म्हणून आपल्याला महाग ठरत नाही.