पडद्याचा कोपरा आणि एकत्रित मेन्यू

संगणकाच्या पडद्यावर घड्याळाशेजारी लहान चिन्हांची एक ओळ असते. आवाज चालू आहे का, इंटरनेट जोडलेले आहे का, बॅटरी किती उरली, कळफलक मराठीत आहे की इंग्रजीत, हे ती ओळ सांगते. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये विंडोज ९५ सोबत टास्कबार आणला आणि ही जागा सर्वांच्या परिचयाची झाली. २०१० नंतर मात्र प्रमुख संगणकप्रणालींनी ही सुटी चिन्हे एकेक करून एकाच मेन्यूत गोळा केली. प्रत्येक वेळी त्यावर कुरबूर झाली. ती केवळ सवयीपोटी होती की तिच्यात तथ्य होते, हे पाहण्यासारखे आहे.

गर्दी आणि तिच्यावरचा उपाय

प्रत्येक प्रोग्रॅमने या कोपऱ्यात आपले चिन्ह ठेवण्यास सुरुवात केल्यावर तेथे दाटी झाली. २००१ मधील विंडोज एक्सपीने न वापरलेली चिन्हे लपवली. २००९ मधील विंडोज ७ ने नवी चिन्हे मुळातच एका बाणामागे नेली. एकत्रीकरणाचा पुढचा टप्पा लिनक्सच्या जगात आला. उबुंटूने एप्रिल २०१० मध्ये वापरणाऱ्याचे नाव आणि त्याची संवादस्थिती एकाच मेन्यूत आणली. ग्नोम या डेस्कटॉपने सप्टेंबर २०१३ मधील ३.१० आवृत्तीत आवाज, नेटवर्क, बॅटरी आणि संगणक बंद करण्याचे बटण एका मेन्यूखाली घेतले. ॲपलने २०२० मध्ये मॅकवर ‘कंट्रोल सेंटर’ आणले, तर ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने आवाज, नेटवर्क आणि बॅटरी ही तिन्ही चिन्हे मिळून एकच बटण केले. मोबाईलवर वरून खाली ओढायच्या पट्टीची छाप या साऱ्यांवर स्पष्ट दिसते.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप वाढलेल्या क्लिकचा. विंडोज १० मध्ये नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक करताच उपलब्ध वायफायची यादी समोर येत असे. विंडोज ११ मध्ये आधी एकत्रित चौकट उघडते आणि यादीसाठी आणखी एका बाणावर क्लिक करावे लागते. दिवसातून एकदा हे काम करणाऱ्याला त्याचे काही वाटणार नाही. दहा वेळा करणाऱ्याला ते खटकते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चिन्ह हे केवळ बटण नसते, ते माहितीही देते. मेन्यू बंद असताना ती माहिती दिसेनाशी झाली, तर शोधायला कोठे जावे हेच नवख्याला उमगत नाही. ग्नोम ३ मध्ये २०११ साली संगणक बंद करण्याचा पर्याय नेहमीच्या मेन्यूत दिसत नसे; ऑल्ट कळ दाबून धरल्यावरच तो प्रकट होई. त्यावर मोठी टीका झाली आणि २०१२ मधील ३.६ आवृत्तीत तो उघडपणे परत आला. मायक्रोसॉफ्टलाही हाच अनुभव आला. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये स्टार्ट बटण गेले आणि संगणक बंद करण्याची सोय कडेच्या पट्टीत दडली. पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये स्टार्ट बटण परत आणावे लागले.

मराठी लिहिणाऱ्यांचा प्रश्न

मराठी वापरणाऱ्यांसाठी या कोपऱ्याचे महत्त्व इंग्रजीभाषकांपेक्षा अधिक आहे. शिवडी, लालबाग, परळ भागातील टंकलेखन आणि छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका, मंडळाचा अहवाल आणि इंग्रजी अर्ज एकाच संगणकावर तयार होतात. तेथे कळफलक दिवसभर दोन भाषांत फिरत असतो. इनस्क्रिप्ट मांडणीत इंग्रजी ‘के’च्या कळीवर ‘क’ येतो खरा, पण ‘एच’च्या कळीवर ‘प’ येतो. भाषेचे चिन्ह नजरेसमोर नसेल, तर चूक ओळभर मजकूर उमटल्यावरच कळते. पासवर्डच्या रकान्यात तर अक्षरांऐवजी ठिपकेच दिसतात. कळफलक मराठीत राहिला असेल, तर योग्य पासवर्डही वारंवार नाकारला जातो.

सुदैवाने विंडोज ११ आणि ग्नोम या दोहोंनी भाषेचे चिन्ह एकत्रित मेन्यूबाहेर, स्वतंत्र ठेवले. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी होती आणि तिने ग्नोमचाच आधार घेतला होता. म्हणजे ग्नोममधील असे निर्णय आपल्याकडील वापरणाऱ्यांपर्यंतही पोहोचतात.

काय टिकले?

या तक्रारींतून एक तत्त्व पुढे येते. सेटिंग्ज एका ठिकाणी गोळा केलेल्या लोकांना चालतात; स्थिती लपवलेली चालत नाही. ग्नोमने सप्टेंबर २०२२ मधील ४३ व्या आवृत्तीत जुन्या मेन्यूतील उपमेन्यूंच्या जागी मोठी बटणे दिली, त्यामुळे वायफाय किंवा ब्लूटूथ मेन्यू उघडल्यावर एका क्लिकमध्ये चालू-बंद होऊ लागले. मॅकने त्याहून मोकळा मार्ग पत्करला: कंट्रोल सेंटरमधील हवे ते चिन्ह ओढून वरच्या पट्टीत कायमचे ठेवता येते. नीटनेटकेपणा आणि निवड यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही, हे त्यातून दिसते.

वाचकांनी काही कळा लक्षात ठेवल्यास त्रास कमी होतो. विंडोज ११ मध्ये विंडोज कळ आणि ‘ए’ एकत्र दाबल्यास एकत्रित चौकट थेट उघडते. विंडोज कळ आणि स्पेसबार दाबल्यास कळफलकाची भाषा बदलते. ग्नोममध्येही हीच जोडी चालते. पासवर्ड नाकारला गेल्यास तो पुन्हा टंकण्यापूर्वी कोपऱ्यातील भाषेचे चिन्ह पाहावे.