कोटिनिनची मोजणी आणि 'वंश' हा रकाना : अमेरिकेतील तंबाखू-धूर संशोधनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
मनुष्य किती धूम्रपान करतो, हे त्यालाच विचारून ठरविण्याची पद्धत संशोधकांचे फार काळ समाधान करू शकली नाही. सिगारेटींची संख्या विसरली जाते, लपविली जाते. दुसऱ्याने सोडलेल्या धुराचा हिशेब तर कोणीच ठेवत नाही. म्हणून रक्त, लाळ व मूत्र यांतील जैवसूचकांकडे संशोधन वळले. शरीरात गेलेल्या निकोटिनचे यकृतात मुख्यत्वे कोटिनिनमध्ये रूपांतर होते. निकोटिनचे अर्धायुष्य सुमारे २ तास, तर कोटिनिनचे सुमारे १६ तास असल्याने कोटिनिन हा अधिक भरवशाचा साक्षीदार मानला गेला. या साक्षीचा वंशाच्या संदर्भात कसा अर्थ लावला गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

धूम्रपान करणाऱ्यांमधील तफावत :
१९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या 'कार्डिया' या अभ्यासात १८ ते ३० वयोगटातील कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय अमेरिकनांचे रक्तनमुने घेण्यात आले होते. त्यांच्या आधारे लिन वॅगनक्नेक्ट व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखविले की, कृष्णवर्णीय धूम्रपानकर्ते कमी सिगारेटी ओढत असल्याचे सांगतात, परंतु त्यांच्या रक्तातील कोटिनिन मात्र अधिक असते. याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत अन्यायकारक अर्थ 'हे लोक खरे सांगत नाहीत' असा होऊ शकत होता.

या शंकेचा निर्णय केवळ प्रश्नावलीने होणे शक्य नव्हते. १९९८ मध्ये एलिसेओ पेरेझ-स्टेबल, नील बेनोविट्झ व सहकाऱ्यांनी ४० कृष्णवर्णीय आणि ३९ श्वेतवर्णीय धूम्रपानकर्त्यांना जड हायड्रोजनने चिन्हांकित केलेले निकोटिन व कोटिनिन शिरेवाटे दिले आणि शरीरातून त्यांचा निचरा किती वेगाने होतो, हे मोजले. कृष्णवर्णीयांमध्ये कोटिनिनचा निचरा मंद होता. शिवाय दर सिगारेटमागे त्यांच्या शरीरात सरासरी १.४१ मिलिग्रॅम निकोटिन जात होते. श्वेतवर्णीयांमध्ये ते १.०९ होते. म्हणजे उत्तर काही अंशी चयापचयात, तर काही अंशी सिगारेट ओढण्याच्या रीतीत होते. सांगणाऱ्याच्या खरेपणावर संशय घेण्याची गरज त्यामुळे बरीच कमी झाली.

तथापि 'मंद चयापचय म्हणजे अधिक निकोटिन' असे समीकरणही टिकले नाही. बेनोविट्झ यांच्याच २००२ च्या शोधनिबंधात चिनी-अमेरिकनांमध्ये निकोटिनचे चयापचय मंद आढळले, पण दर सिगारेटमागील ग्रहण अवघे ०.७३ मिलिग्रॅम होते. सीवायपी२ए६ या विकराच्या जनुकीय भेदांचे प्रमाण निरनिराळ्या समूहांत कमी-अधिक असते; मात्र ते भेद कोणत्याही एका समूहाची मालमत्ता नाहीत. 'वंश' हा रकाना येथे जनुकाऐवजी वापरलेले एक ढोबळ माप होता, असे म्हणावे लागते.

धूम्रपान न करणाऱ्यांचे रक्त :
माझ्या मते या इतिहासाचा अधिक गंभीर भाग येथे आहे. १९८८-९१ च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातील तंबाखू न वापरणाऱ्या ८८ टक्के लोकांच्या रक्तात कोटिनिन सापडले होते. पुढे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी वाढली व हे प्रमाण वेगाने घसरले. २०११-१२ मध्ये परोक्ष धुराच्या संपर्कातील धूम्रपान न करणाऱ्यांचे प्रमाण २५.३ टक्के होते. परंतु ही घसरण सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. ३ ते ११ वर्षे वयाच्या श्वेतवर्णीय मुलांमध्ये हे प्रमाण ३७.२ टक्के, तर कृष्णवर्णीय मुलांमध्ये ६७.९ टक्के होते.

निचऱ्याच्या वेगातील फरक सुमारे १८ टक्क्यांचा. त्यातून एवढी दरी निघत नाही. त्याच पाहणीत भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांचे प्रमाण ३६.८, तर स्वतःच्या घरांत राहणाऱ्यांचे १९ टक्के होते. कार्यालये व उपाहारगृहे धूरमुक्त झाली, तरी सामाईक भिंतींच्या इमारतींत शेजाऱ्याचा धूर दाराच्या फटींतून आणि वायुवाहिन्यांतून येतच राहिला. हे सारे कोष्टकांत 'वंश' याच रकान्याखाली नोंदले गेल्याने विकराचा परिणाम आणि घराचा परिणाम वाचकाच्या मनात एकत्र मिसळण्याचा धोका होता. विकर बदलता येत नाही, घराचे नियम बदलता येतात. म्हणून हा भेद केवळ पारिभाषिक नाही.

अमेरिकेच्या गृहनिर्माण विभागाने २०१६ च्या अखेरीस सार्वजनिक गृहसंकुले धूरमुक्त करण्याचा नियम जाहीर केला. त्याच्या अंमलबजावणीसाठी जुलै २०१८ अखेरची मुदत होती. खासगी मालकीच्या भाड्याच्या इमारतींना मात्र तो लागू करण्यात आला नाही.