वाळवंटाचा उतार

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही आमच्या रेल्वेस्थानकांच्या पिवळ्या फलकांवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. वर्षानुवर्षे हा आकडा वाचणाऱ्या आम्हांला एक साधा प्रश्न फार उशिरा पडला : इतक्या दूरचा समुद्र येथवर आणला कोणी?

मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद होऊ लागली. त्याआधी, १८५८ पासून, सर्वेक्षण विभागाची माणसे दुर्बीण आणि आकडे कोरलेल्या पट्ट्या घेऊन देशभर उंची मोजत हिंडत होती. मागची पट्टी वाचायची, पुढची वाचायची, फरक मांडायचा आणि पुढे सरकायचे. कराची, मुंबई, कारवार आदी नऊ बंदरांची सरासरी पातळी शून्य धरून १९०९ मध्ये हे जाळे पुरे झाले. समुद्र आमच्याकडे आला तो असा, पावलापावलाने.

गंमत अशी, की जिथून ही मोजणी सुरू होते तो किनारा स्वतः स्थिर नसतो. कोकणात पावसाळी लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात आणि शांत ऋतूत ती परत आणून घालतात. भरड वाळूची पुळण उभट असते, कारण पाणी तिच्यात चटकन मुरते व परतणाऱ्या लाटेला वाळू नेण्याचे बळ उरत नाही. बारीक वाळूची पुळण सपाट राहते. हा बदलता आकार मोजण्याची सोपी रीत के. ओ. एमरी या भूशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडली. सारख्या उंचीच्या दोन काठ्या ठराविक अंतरावर उभ्या धरायच्या. मागच्या काठीपाशी उभे राहून पुढच्या काठीचे टोक क्षितिजाशी जुळवायचे. ती नजर मागच्या काठीला टोकाखाली जिथे छेदते, तितका उतार. समुद्राचे क्षितिज हीच दुर्बीण.

हे वाचताना आम्हांला गंगाखेडचे गोदापात्र आठवले. मराठीत 'वाळवंट' हा शब्द मुळात नदीकाठच्या वाळूचा. मरुभूमीचा अर्थ त्याला पुढे चिकटला. जनाबाईंच्या या गावाला वाळवंटाचे महत्त्व सांगावे लागत नाही. परंतु १९७६ मध्ये पैठणचे धरण पुरे झाले आणि वरून येणारा गाळ व वाळू तिथे अडू लागली. पुढे ढालेगाव, मुदगल येथे बंधारे झाले. वाळूचा उपसा तर सर्वांच्या डोळ्यांदेखत चालतो. वाळवंट खचले, असे जुनी माणसे म्हणतात. किती खचले, असे विचारले की सगळेच गप्प होतात, आम्हीही. नदीवरच्या ओव्या-अभंगांचे अर्थ आम्ही वर्गात अनेकदा सांगितले, मात्र त्या वाळूची एकही नोंद ठेवली नाही.

नदीकाठी सागराचे क्षितिज नाही, हे खरे. पण गवंड्याची पाणसळ आहे. पारदर्शक नळीतले पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीवर उभे राहते, आणि समुद्राचे काम तेवढ्यावर भागते. घाटाची एक न हलणारी पायरी शून्य धरून, दर वर्षी पावसाळ्यानंतर त्याच रेषेत दोन काठ्या चालवीत नेल्या, तर दहा वर्षांत वाळवंटाचा इतिहास हाती येईल. गेलेल्या वाळूचा हिशेब त्यातून मिळणार नाही. उरलेल्या वाळूचा मात्र मिळेल, आणि हे काम करायला मराठीच्या प्राध्यापकांनाही कोणाची हरकत असू नये.