गुरू, चेला आणि गुरुबंधू : कायद्याने मानलेले एक घर

थ्रेड. बेल्जियममध्ये १ जानेवारी २००० पासून 'कायदेशीर सहनिवास' नावाची नोंद करता येते. दोन बहिणी, दोन मित्र, मावशी आणि भाचा, म्हणजे एका छताखाली राहणारी कोणतीही दोन प्रौढ माणसे ती करू शकतात. त्यांच्यात प्रेमसंबंध आहेत का, हे कोणी विचारत नाही. आपल्याकडे ही कल्पना अगदीच परकी वाटते. मात्र नाशिकच्या गोदाकाठाला ती वाटायचे कारण नाही.

सिंहस्थात रामकुंडावर वैष्णव बैरागी स्नान करतात आणि त्र्यंबकच्या कुशावर्तावर शैव संन्यासी. पेशवाईत शाहीस्नानाच्या मानावरून झालेल्या संघर्षानंतर ही विभागणी पक्की झाली. बारा वर्षांनी एकदा दिसणाऱ्या त्या मिरवणुकांमागे एक कायमची घरव्यवस्था उभी असते. आखाडा आणि मठ ही मुळात घरे आहेत. तिथे एकत्र चूल असते, एकत्र कोठार असते, आजारपणात शुश्रूषा करणारी माणसे असतात. रक्ताचे किंवा विवाहाचे नाते मात्र एकमेकांशी कोणाचेच नसते.

मग अशा घरातला एक जण वारला, तर त्याच्या मागे राहिलेल्याचे काय?

या प्रश्नाला मिताक्षरेत सरळ उत्तर आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. याज्ञवल्क्याने वानप्रस्थ, यती आणि ब्रह्मचारी यांचे वारस वेगळे सांगितले आहेत. विज्ञानेश्वर ते उलगडून मांडतो : आजन्म ब्रह्मचाऱ्याचा वारस त्याचा आचार्य, यतीचा वारस त्याचा सच्छिष्य आणि वानप्रस्थाचा वारस त्याच्याच आश्रमात राहणारा धर्मभ्राता. 'धर्मभ्राता' म्हणजे कोण, हेही तो सांगतो : भाऊ म्हणून स्वीकारलेला. मराठीत त्याला आपण मानलेला भाऊ म्हणतो. रक्षाबंधनापुरते उरलेले हे नाते एके काळी वारसाहक्काच्या क्रमात होते.

शंका निघतेच, की संन्याशाजवळ संपत्ती कुठली? विज्ञानेश्वरालाही ती सुचली होती. यतीची वस्त्रे, पोथ्या, पादुका आणि वानप्रस्थाने साठवलेले धान्य, एवढा ऐवज तो मोजतो. शिष्य दुर्वर्तनी असेल तर त्याला काही मिळणार नाही, असेही बजावतो. म्हणजे हक्क नुसत्या नावाने मिळत नव्हता, तो वागणुकीने टिकवावा लागत होता.

पुढे पादुका आणि पोथ्यांची जागा हुंड्यांनी आणि वाड्यांनी घेतली. अठराव्या शतकातले गोसावी हे सावकार, व्यापारी आणि लढवय्येही होते. पुण्यातल्या बड्या सावकारांत त्यांची गणना होत असे. राजेंद्रगिरी १७५३ मध्ये मारला गेला, तेव्हा त्याच्या फौजेचे नेतृत्व उमरावगिरी आणि अनुपगिरी या त्याच्या दोन चेल्यांकडे आले. पेढी असो वा पलटण, वारसा गुरूकडून चेल्याकडे जाई. घरबारी गोसाव्यांची रीत निराळी होती, कारण त्यांना मुलेबाळे असत.

हे नाते जुळत असे ते विधीने. दीक्षेच्या वेळी शिखा काढायची, विरजा होम करायचा, स्वतःचेच श्राद्ध उरकायचे आणि नवे नाव घ्यायचे. कायद्याच्या दृष्टीने जुना माणूस तिथे मरत असे. वडिलांच्या घरातला त्याचा वाटा सुटे आणि गुरूच्या घरात त्याचा हक्क सुरू होई. महंत वारल्यावर भंडारा होई आणि जमलेले आसपासचे महंत उत्तराधिकाऱ्याच्या अंगावर चादर घालीत. दस्तऐवजापेक्षा त्या पंगतीची साक्ष मोठी ठरे. (नाशिकला दीक्षा घेतलेल्या नागांना 'खिचडिया' म्हणतात, हे जाता जाता.)

इंग्रजी अदालतींपुढे असे तंटे आले, तेव्हा मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने रूढीला शास्त्राच्या आधी स्थान दिले होते. त्याच वर्षी आर्थर स्टील याचे दख्खनमधील जातींच्या रूढींवरील संकलन प्रसिद्ध झाले आणि त्यात गोसाव्यांचे रिवाज आले. अदालतीतले शास्त्री व्यवस्थापत्रे देत, ती वेस्ट आणि ब्यूलर यांनी १८६७ पासून ग्रंथरूपाने छापली. गोसावी, जंगम, यती यांचा वारस कोण, याविषयीचे प्रश्नही त्यांत आहेत. चेला आहे की नाही, नसल्यास गुरुबंधू आहे का, अशा क्रमाने ही चौकशी चाले.

या घराला उंबरठे होते, हे विसरता येत नाही. शास्त्राच्या काटेकोर वाचनानुसार शूद्राला संन्यासच नव्हता. त्यामुळे त्याने आयुष्य मठात काढले, तरी रूढी सिद्ध न झाल्यास मालमत्ता रक्ताच्या नातेवाइकांकडे जाई. वाराणसीच्या गढवाघाट मठाच्या महंतपदावरून झालेल्या कृष्णसिंह विरुद्ध मथुरा अहीर या खटल्यात, स्वातंत्र्यानंतर तीन दशकांनी, पंथाच्या रूढीने शूद्रही संन्यासी होऊ शकतो असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. शिवाय हे नाते बरोबरीचे क्वचितच होते. गुरूचा शब्द शेवटचा असे.

तरीही या क्रमाची व्याप्ती मठापुरती नव्हती. सामान्य गृहस्थाच्या वारसांतही सगळे गोत्रज आणि बंधू संपल्यावर, राजाच्या आधी, आचार्य, शिष्य आणि सब्रह्मचारी म्हणजे सहाध्यायी येत. राजाच्या तिजोरीपेक्षा एकत्र शिकलेला सोबती जवळचा, असा हा हिशेब होता.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने हे तिघेही यादीतून गेले. मुलींना आणि विधवांना हक्क देणारा तो मोठा कायदा होता आणि त्या गदारोळात हे वगळणे फारसे कोणाच्या नजरेत भरले नाही. आता नातेवाईक नसतील, तर कलम २९ नुसार मालमत्ता थेट सरकारकडे जाते. मठाच्या गादीचा वारसा रूढीने चालतो, पण खाजगी मालमत्तेपुरता सोबती कायद्याला दिसत नाही. नाशिकच्या एखाद्या फ्लॅटमध्ये दोन मैत्रिणी तीस वर्षे एकत्र राहिल्या, तर एकीच्या नावचे घर दुसरीला मिळण्यासाठी मृत्युपत्रच करावे लागते. केवळ नॉमिनी म्हणून नाव लावल्याने मालकी येत नाही.

२०२२ मध्ये दीपिका सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाची रूपे अनेक असू शकतात, असे म्हटले. पण असे घर नोंदवण्यासाठी आजही रकाना नाही. अपवाद एक आहे. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टचे नियम बदलले. तेव्हापासून साधू-संन्याशांना अर्जात आईवडिलांच्या जागी गुरूचे नाव लिहिता येते. अट एवढीच, की एखाद्या सरकारी ओळखपत्रावर ते नाव आधीपासून असले पाहिजे.