परवलीचा आकडा

माधवनगरच्या बाजूने पुणे-मिरज रेल्वे जाते. तिच्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पण स्टेशनमास्तर कुलुपात जपून ठेवतो तो एक कागद फार थोड्यांनी पाहिला असेल. त्यावर दोन-दोन आकडी संख्या, कोणताही क्रम न लावता, छापलेल्या असतात. रेल्वेची माणसे त्यांना ‘प्रायव्हेट नंबर’ म्हणतात.

गाडी यायची झाली, की मास्तर फाटकवाल्याला फोनवर फाटक लावायला सांगतो. फाटकवाला फाटक लावतो, कुलूप घालतो आणि मगच आपल्या कागदावरचा पुढचा आकडा सांगतो. तो वहीत नोंदायचा आणि कागदावर खोडायचा. नुसत्या “लावलं हो साहेब” वर भागत नाही. आवाज ओळखीचा असला तरी आकडा हवाच. कारण इथे चूक झाली तर माणसे मरतात.

आता दुसरा सांधा पाहू. हल्ली पतसंस्थेत, कारखान्याच्या कचेरीत भिंतीवर एक लहानशी पेटी असते. तिला ‘स्विच’ म्हणतात. मिरज जंक्शनात सांधा जशी गाडी ठरल्या रुळावर घालतो, तशी ही पेटी प्रत्येक संगणकाचा मजकूर ठरल्या तारेवर घालते. सांधा परक्याच्या हाती पडला तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून पेटीलाही परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, असतो.

या शब्दाचा इतिहास मोठा बोधक आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 1960 नंतर लवकरच, फर्नांडो कोर्बाटो यांच्या देखरेखीखाली, एकाच संगणकावर अनेकजण काम करू लागले. प्रत्येकाला आपला शब्द मिळाला. पण सारे शब्द एका यादीत जसेच्या तसे लिहिलेले! 1962 साली अ‍ॅलन शेर या विद्यार्थ्याला कामाला वेळ पुरेना. त्याने ती यादीच छापून घेतली. कुलूप होते, पण किल्ल्या उघड्यावर होत्या.

1979 साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी यावरचा उपाय सविस्तर मांडला. शब्द न ठेवता त्याचे पीठ ठेवायचे. शाळू दळला, की पिठातून पुन्हा शाळू निघत नाही. शिवाय प्रत्येकाच्या पिठात निराळे ‘मीठ’, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळे दिसते. पुढे तारेवरून उघडा जाणारा शब्द चोर वाटेतच टिपू लागले, तेव्हा 1995 साली फिनलंडच्या तातू युलेनेन यांनी ‘एसएसएच’ ही झाकलेली वाट काढली.

स्विच बसवणाऱ्याने हा धडा विसरू नये. सिस्कोच्या पेट्यांत ‘सात’ क्रमांकाच्या पद्धतीने ठेवलेला शब्द दिसायला गूढ, पण क्षणात उलगडतो. तिथे ‘सिक्रेट’ ही आज्ञा वापरावी. ती पीठ ठेवते. कारखान्यातून आलेला शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. जुनी ‘टेलनेट’ची उघडी वाट बंद करून एसएसएच ठेवावी. प्रत्येक कामगाराला निराळे नाव द्यावे आणि चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा घालावी. पेटी कपाटात, कपाट कुलुपात; कारण पेटीला जो हात लावू शकतो, त्याला शब्द पुसूनही टाकता येतो.

शब्द अवघड असला म्हणजे झाले, असे आपण समजतो. फाटकवाल्याचा आकडा तर दोनच अंकी! पण तो लपवलेला असतो, एकदाच वापरला जातो, आणि काम झाल्यावाचून उच्चारला जात नाही. परवलीचे बळ शब्दात थोडे आणि तो सांभाळणाऱ्या शिस्तीत अधिक असते.